पेरूत लिमा ते कुस्को, बसने: टोळक्याने जाणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

आमचा पहिला आराखडा असा होता: मुंबईहून लिमा, तिथून लगेच विमानाने कुस्को, दुसऱ्या दिवशी माचू पिचू, आणि उरलेल्या दिवसांत ‘बाकीचं’. आमच्यातल्या डॉक्टर मैत्रिणीने तो कागद ओढून घेतला, कुस्कोपुढे पेनने ३,४०० लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि खाली लिहिलं, ‘कळसूबाई १,६४६’. पुढे कोणी वाद घातला नाही. आराखडा उलटा झाला.

दक्षिण पेरू बसने करायचा तो स्वस्त पडतो म्हणून नाही (पडतोच). तिथला रस्ता समुद्रकाठी सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने वर चढतो, म्हणून. शरीराला जुळवून घ्यायला जो वेळ लागतो तो बस देते, विमान देत नाही. आम्ही सहा जण होतो, सोळा दिवस होते, मे महिना होता. कुठे कुठे आपटलो तेही सांगते.

१. आधी उंची मांडा, मग तारखा

कागदावर गावांच्या नावांपुढे मीटर लिहून काढा. लिमा, पाराकास, इका, नाझ्का ही सगळी खालची गावं. मग अरेकिपा २,३३५. कोल्का खोऱ्यातलं चिवाय ३,६०० च्या आसपास. तितिकाका सरोवराकाठचं पुनो ३,८३०. कुस्को ३,४००. आणि जिच्यासाठी सगळे जातात ती माचू पिचू फक्त २,४३०. म्हणजे माचू पिचूला दम लागत नाही, तिथे पोचेपर्यंत लागतो.

आम्ही दिवस असे वाटले: लिमा एक, पाराकास आणि वाकाचिना मिळून दोन, नाझ्का अर्धा, अरेकिपा दोन, कोल्का तीन, पुनो दोन, उरलेले कुस्को आणि परिसर. अरेकिपाचे दोन दिवस कापायचा मोह होतो. कापू नका, पुढची सगळी सहल त्या दोन दिवसांवर उभी असते.

मोसम मे ते सप्टेंबर. डोंगरात तेव्हा कोरडं असतं, रात्री मात्र कडाक्याची थंडी; जून-जुलैत पुनोला पारा शून्याखाली जातो. डिसेंबर ते मार्च पाऊस आणि दरडी. दोन तारखा टाळा, किंवा आधीच तिकिटं काढून ठेवा: २४ जूनला कुस्कोत इंती राइमीचा, म्हणजे इंकांच्या सूर्योत्सवाचा, सोहळा असतो, आणि २८-२९ जुलैला देशाचा स्वातंत्र्योत्सव. त्या आठवड्यात पेरूतला प्रत्येक माणूस गावी निघालेला असतो. गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणात जाणारी एसटी डोळ्यांसमोर आणा.

२. कागदपत्रं

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत उरलेला, कोरी पानं असलेला.
- व्हिसा. भारतीयांना पेरूचा व्हिसा लागतो. तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी सूट आहे. गटात काहींना सूट आणि काहींना नाही असं हमखास होतं. ज्याला व्हिसा काढायचा आहे त्याच्या हिशोबाने सगळ्यांच्या तारखा ठरवा.
- ट्रान्झिट व्हिसा. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून जाणार असाल तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही व्हिसा लागतो. युरोपातल्या काही देशांतही तसंच आहे. स्वस्त तिकीट दिसलं की हे आधी बघा.
- पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड.
- परतीचं तिकीट, पहिल्या दोन-तीन मुक्कामांची बुकिंगं, उंचीवरचा ट्रेक आणि चोरी दोन्ही धरणारा विमा.
- पासपोर्टच्या तीन-तीन झेरॉक्स. एक स्वतःकडे, एक दुसऱ्याच्या सॅकमध्ये, एक फोनमध्ये.

पिवळ्या कार्डात जवळजवळ सगळे फसतात. तुम्ही अॅमेझॉनच्या जंगलात जाणार नसाल, तर पेरूत हे कार्ड कोणी विचारत नाही, म्हणून लोक लस घेतच नाहीत. पण विचारणारा देश पेरू नाही, भारत आहे. भारताच्या पीतज्वर-ग्रस्त देशांच्या यादीत पेरू आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आधी नाव नोंदवावं लागतं, आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं.

३. खजिनदार नेमा

सहा मित्र असले तरी पैशाला एकच हात हवा. दर तीन दिवसांनी प्रत्येकाने सारखी रक्कम खजिनदाराकडे द्यायची. टॅक्सी, तासा (बस स्टँडवरचा छोटा आकार), सामायिक जेवण, पाणी त्यातून. वैयक्तिक खरेदी, दारू आणि दुसरं आइस्क्रीम ज्याचं त्याने. आमची खजिनदार रोज रात्री वहीत हिशोब लिहायची आणि आम्ही तिची टर उडवायचो. शेवटी भांडण झालं नाही ते त्या वहीमुळेच.

चलन सोल, ढोबळमानाने पंचवीस रुपये धरा. डॉलर नेलेत तर नोटा कोऱ्या न्या. कोपरा जरासा फाटलेली नोटही परत देतात. शंभर सोलची नोट छोट्या दुकानात मोडत नाही, एटीएममधून मात्र तीच येते, म्हणून मोठ्या दुकानात शिरलात की आधी ती मोडा. खोट्या नोटा फिरतात. दुकानदार नोट उजेडाला धरून बघतो, तशी तुम्हीही बघा, त्याला राग येत नाही.

आणखी एक: हॉटेलात उतरताना पासपोर्ट दाखवा. परदेशी पर्यटकाला खोलीच्या भाड्यावरचा १८ टक्के कर माफ असतो. लिहिणारा विसरला तर तुम्ही आठवण करा.

४. तिकीट काढताना

लिमात सगळ्या बसचा मिळून एक मध्यवर्ती स्टँड नाही. मोठ्या कंपन्यांचे आपापले स्टँड आहेत, कधी कधी एकाच कंपनीचे दोन. तिकिटावरचा पत्ता वाचून टॅक्सी करा, ‘बस स्टँड’ एवढंच सांगून नको. अरेकिपा, पुनो, कुस्को इथे मात्र तेर्मिनाल तेर्रेस्त्रे म्हणजे सार्वजनिक स्टँड आहे. तिथे बसमध्ये चढण्याआधी तासा दे एम्बार्के नावाचा छोटा आकार वेगळ्या खिडकीवर भरावा लागतो. काही सोलच असतात, पण ती चिठ्ठी नसेल तर फाटकातून परत पाठवतात, आणि बस तर समोर घुरघुरत उभी.

बसचे प्रकार सीटच्या झुकण्यावरून. सेमी-कामा म्हणजे आपली पुशबॅक, १४० अंशांच्या आसपास. कामा म्हणजे पलंग: १६० किंवा १८० अंश. रात्रीच्या बसला कामाच घ्या. खालच्या मजल्यावर सीटा कमी, रुंद आणि महाग. वर स्वस्त, पण वळणावर डोलतं. वरच्या मजल्यावरच्या अगदी पुढच्या काचेजवळच्या सीटा दिवसा स्वर्ग, रात्री नको.

आता नावाची गंमत. ऑनलाइन फॉर्ममध्ये आडनावाचे दोन रकाने असतात: पातेर्नो आणि मातेर्नो. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. आमच्यातल्या एकाने शब्द वाचून पहिल्या रकान्यात वडिलांचं नाव टाकलं, दुसऱ्यात आईचं. तिकीट आलं त्यावर त्याचे आईवडील दोघं होते, त्याचं स्वतःचं आडनाव कुठेच नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्टचा क्रमांक जुळवला आणि हसून सोडलं. तुम्ही पासपोर्टवरचं आडनाव पहिल्या रकान्यात घाला. दुसरा रकाना रिकामा चालत नसेल तर तेच पुन्हा. पासपोर्टचा क्रमांक मात्र दोनदा तपासा, तिथे खरी ओळख तीच.

सहाही सीटा एकाच वेळी, एकाच फोनवरून काढा. ‘तू तुझं काढ, मी माझं काढते’ केलंत, तर दोघं रात्री नऊच्या बसमध्ये आणि चौघं दहाच्या.

५. बसमध्ये

मोठी सॅक खाली डिकीत जाते, तिचा बिल्ला मिळतो. बिल्ल्याचा फोटो काढा आणि बिल्ला खजिनदाराकडे द्या. चांगल्या बसमध्ये निघण्याआधी एक माणूस व्हिडिओ कॅमेरा घेऊन प्रत्येकाचा चेहरा टिपत जातो. दचकू नका, ते सुरक्षेसाठी आहे.

छोटी सॅक डोक्यावरच्या रॅकमध्ये ठेवायची नाही. पायाखालीही नाही. मांडीवर, पट्टा हातात गुंडाळून. आम्हाला हे माहीत होतं. तरी रात्री दोन वाजता एकाचे हात अवघडले आणि त्याने ती वर ठेवली. पहाटे सॅक होती, कॅमेरा नव्हता. अशा वेळी गाडीत आरडाओरडा करून काही मिळत नाही. पुढच्या गावात पर्यटक पोलिसांकडे जाऊन देनुन्सिया, म्हणजे तक्रार, लिहून घ्या. त्या कागदाशिवाय विम्याचा पैसा मिळत नाही.

शौचालयाच्या दारावर ‘सोलो उरिनारियो’, म्हणजे ‘फक्त लघवीसाठी’, असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ अगदी शब्दशः घ्यायचा. बसायच्या आधी स्टँडवर जाऊन या, आणि टिश्यूचा रोल स्वतःचा ठेवा.

गाडीत एसी असा काही सोडतात की वाळवंटातून जाताना दात वाजतात. टोपी, मोजे, शाल वर काढून ठेवा.

स्टँडवर माणसं गावांची नावं ओरडत फिरतात, ‘अरेकिपा-अरेकिपा-अरेकिपाऽऽ’, स्वारगेटचीच चाल. आणि गाडी सुटायला आली की ‘साले! साले!’ असा पुकारा होतो. आमच्यातला एक पहिल्यांदा खरंच वळून बघायला लागला होता. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘निघते आहे’. धावा.

६. रस्ता, टप्प्याने

लिमा ते पाराकास सुमारे चार तास, पॅन-अमेरिकन महामार्गाने. डाव्या हाताला वाळू, उजव्या हाताला समुद्र. पाराकासला रात्र काढून सकाळच्या पहिल्या बोटीने बायेस्तास बेटांवर जा. दुपारी वारा सुटतो. बेटांवर उतरू देत नाहीत, बोटीतूनच समुद्रसिंह, हम्बोल्ट पेंग्विन आणि लाखो पक्षी दिसतात. पक्ष्यांच्या विष्ठेचं खत, ग्वानो, एकोणिसाव्या शतकात जगभर विकून या देशाने पैसा केला. टोपी का घाला म्हणतात ते बोटीतच कळतं.

तिथून इका, आणि इकाहून टॅक्सीने पाच किलोमीटरवर वाकाचिना: टेकड्यांएवढ्या वाळूच्या मधोमध एक तळं. संध्याकाळची बग्गी घ्या, फोन झिपच्या पिशवीत घाला. उतारावर फळीवर उभं राहायच्या भानगडीत न पडता पोटावर झोपून या.

इका ते नाझ्का अडीच तास. तिथे वाळवंटात प्राचीन काळी आखलेली प्रचंड चित्रं आहेत, त्या नाझ्का रेषा. रेषांवरचं विमान अर्ध्या तासाचं, महाग, आणि पोट ढवळणारं. आम्ही सहाजणांनी मतदान केलं आणि विमान पडलं. महामार्गाच्या कडेला मनोरा आहे, मारिया राइखे या संशोधक बाईंनी १९७६ मध्ये उभारलेला. तिथून ‘हात’ आणि ‘झाड’ ही दोन चित्रं दिसतात. सरड्याचं चित्रही तिथेच आहे, पण त्याच्या अंगावरून महामार्ग गेलाय. रस्ता झाला तेव्हा ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

नाझ्का ते अरेकिपा रात्रीची बस, दहा तासांच्या आसपास. सगळ्या प्रवासात रात्रीचा टप्पा आम्ही हा एकच ठेवला. घाटातले टप्पे दिवसाच करा. देखाव्यासाठीही आणि जिवासाठीही.

अरेकिपा पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं शहर, मागे ५,८२२ मीटरचा मिस्ती. पहिल्या दिवशी सांता कातालीनाचा मठ, १५७९ मध्ये स्थापन झालेला, आतल्या गल्ल्या निळ्या आणि तांबड्या. सावकाश चाला. भरपूर पाणी प्या. एवढंच काम.

कोल्काच्या एक दिवसाच्या सहली पहाटे तीनला निघतात आणि रात्री परत येतात. त्या घेऊ नका. २,३३५ वरून ४,९०० आणि पुन्हा खाली, तेही झोपमोड करून. चिवायला मुक्काम करा, मग काबानाकोन्देला. अरेकिपाहून चिवायला जाताना वाटेत पातापाम्पाची खिंड लागते, ४,९०० मीटरच्या वर. तिथे फोटोसाठी गाडी थांबली आणि सॅकमधून चिवड्याचं पाकीट काढलं तर ते उशीसारखं टम्म फुगलेलं. हवेचा दाब कमी झाल्याचा पुरावा हातात होता. आमच्यातला एक तरीही दगडांच्या उतरंडीपर्यंत पळत गेला. परत येताना त्याला दोघांनी धरून आणलं.

क्रुस देल कोन्दोर या खोऱ्याच्या कड्यावरच्या ठिकाणी कोन्दोर गिधाडं सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान वर येतात. ऊन तापून हवा वर चढू लागली की त्यांना पंख हलवावे लागत नाहीत. खोऱ्यात शिरताना परदेशी माणसाला वेगळं तिकीट आहे, आम्ही गेलो तेव्हा ७० सोल. खाली खोऱ्याच्या तळाशी, सांगायेपर्यंत, उतरणार असाल, तर दुसऱ्या दिवशीची चढण हजार मीटरहून जास्त आहे. पहाटे पाचला, उन्हाआधी निघा. सह्याद्रीतल्या पायांना ती झेपते, फुप्फुसांना वेळ लागतो.

चिवायहून पुनोला थेट जाणारी टुरिस्ट बस मिळाली तर अरेकिपाला परतायची गरज नाही. पुनो शहर म्हणून रुक्ष. सकाळी बोटीने ऊरोसची तोतोरा गवताची तरंगती बेटं आणि पुढे ताकीले करा. ताकीलेला पुरुष चालता चालता सुयांवर टोप्या विणतात. तिथे बंदरापासून गावापर्यंत पायऱ्या आहेत, चार हजार मीटरच्या जवळ; दर वीस पायऱ्यांना थांबलात तर लाज वाटून घेऊ नका.

पुनो ते कुस्को साध्या बसने सहा-सात तास. थोडे जास्त पैसे देऊन थांबत जाणारी बस घेतली, तर वाटेत राक्चीचं विराकोचा या इंका देवाचं देऊळ आणि आंदाउआइलियासचं रंगवलेलं चर्च दिसतं. तिथली प्रवेशशुल्कं सहसा बसच्या तिकिटात नसतात, विचारून घ्या.

७. उंची लागली तर

तिकडे तिला सोरोचे म्हणतात. डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं एवढं बहुतेकांना होतंच. पहिल्या रात्री हलकं जेवा, दारू नको, गरम पाण्याची लांबलचक अंघोळही नको. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, तिथे तो कायदेशीर आहे. चव वाळलेल्या गवतासारखी. अॅसिटाझोलामाइडची गोळी हवी असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर मुद्दाम सांगा.

चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं, बोलणं असंबद्ध होणं, यातलं काही दिसलं तर चहा पाजत बसू नका. खाली उतरवा, त्याच दिवशी, आणि दवाखान्यात न्या. पुनोहून खाली यायला तासन्‌तास लागतात, म्हणून तिथे जाण्याआधी कोल्कात दोन रात्री काढलेल्या बऱ्या. आणि आजारी माणसाला हॉटेलात एकटं ठेवून पाच जणांनी सहलीला जायचं नाही. हा नियम आम्ही मुंबईतच लिहून घेतला होता.

८. शाकाहारींसाठी

‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, असं पाठ करून जाल आणि ताटात कोंबडी येईल. तिकडे कार्ने म्हणजे मुख्यतः गुराचं मांस. कोंबडी वेगळी, मासा वेगळा. पूर्ण वाक्य म्हणा: ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो.’ सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी कोंबडीचं असतं, तेही विचारा.

मिळतं काय? अरेकिपाचं सोल्तेरितो, म्हणजे घेवडा-मका-चीज-ऑलिव्हची कोशिंबीरच. बटाट्यावर पिवळ्या मिरचीचा आणि चीजचा रस्सा, पापा आ ला वान्काइना. मक्याचं भलंमोठ्या दाण्यांचं कणीस चीजच्या तुकड्याबरोबर. चिफा नावाची चिनी हॉटेलं गावोगावी आहेत, तिथे भाज्यांचा चाउफा भात. आणि पिकारोनेस: भोपळ्या-रताळ्याच्या पिठाची तळलेली कडी, वरून चान्काकाचा पाक. पहिला घास घेतल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं. काकवी!

नळाचं पाणी पिऊ नका. पुनोत पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे भात कच्चा राहतो आणि चहा मिळमिळीत लागतो. हॉटेलवाल्याची चूक नाही.

९. माचू पिचू

तिकीट अधिकृत सरकारी संकेतस्थळावर, तारीख-वेळ-मार्ग निवडून, शक्य तितकं आधी. २०२४ पासून आतले मार्ग नव्याने आखले आहेत. फोटोंतलं ओळखीचं दृश्य दिसतं आणि अवशेषांतूनही फिरता येतं तो मार्ग दोन. एकाच वेळेची सहा तिकिटं उरलेली नसतील, तर तीन-तीन करा. ज्या पासपोर्टवर तिकीट, तोच मूळ पासपोर्ट फाटकावर लागतो, झेरॉक्स नाही. आत शौचालय नाही. मोठी सॅक चालत नाही, ती कुस्कोच्या हॉटेलात पावती घेऊन ठेवा.

पोचायचे दोन रस्ते. ओयांतायताम्बोहून रेल्वे, दीड-पावणेदोन तास, महाग. किंवा कुस्कोहून व्हॅनने सहा-सात तास इद्रोएलेक्त्रिकापर्यंत, आणि तिथून रुळांच्या कडेने दहा किलोमीटर चालत माचू पिचूच्या पायथ्याचं गाव, आग्वास कालियेन्तेस. आम्ही चालत गेलो आणि रेल्वेने आलो, आणि तसंच करा असं सांगेन. पावसाळ्यात मात्र हा रस्ता दरडींचा आहे, तेव्हा रेल्वेच.

कुस्कोच्या आसपासच्या गड-अवशेषांसाठी बोलेतो तुरिस्तिको हे एकत्रित तिकीट असतं, पूर्ण तिकीट दहा दिवस चालतं. साक्सायवामान, पिसाक, ओयांतायताम्बो, मोराय त्यात येतात. कोरिकान्चा हे कुस्कोतलं सूर्यमंदिर आणि मारासची मिठागरं येत नाहीत.

१०. ‘पारो’ हा शब्द कानावर आला तर

पारो म्हणजे बंद. दक्षिण पेरूत, विशेषतः पुनो-कुस्को रस्त्यावर, दगड आणि टायर टाकून रस्ता अडवतात. २०२३ च्या जानेवारीत आंदोलनामुळे माचू पिचूही बंद ठेवावी लागली होती. रोज संध्याकाळी हॉटेलात विचारा, ‘आय पारो मान्याना?’ म्हणजे उद्या बंद आहे का. माचू पिचूच्या तारखेआधी कुस्कोत दोन मोकळे दिवस ठेवा. अडवलेल्या रस्त्यावरून चालत पलीकडे जायचं धाडस करू नका.

११. परत

कुस्को ते लिमा बसने वीस तासांच्या पुढे, सगळा घाट. इथे बसचा आग्रह सोडा. विमान दीड तासाच्या आत पोचवतं, आणि खाली उतरताना उंचीचा त्रास होत नाही.

लिमाला सॅक पुन्हा उघडा. कोकाची पानं, कोकाच्या चहाच्या पुड्या, कोकाच्या गोळ्या, सगळं तिथेच टाका. भारतात ते अमली पदार्थांत मोडतं. आमच्यातल्या एकीच्या जॅकेटच्या आतल्या खिशात पुनोच्या हॉटेलातली चहाची पुडी सापडली, विमानतळाच्या टॅक्सीत बसल्यावर. आणि पिवळं कार्ड चेक-इनच्या सामानात घालू नका. मुंबईत पासपोर्टच्या रांगेआधी आरोग्य विभागाचं टेबल असतं, ते तिथे दाखवायचं आहे.